गव्हर्नरला लावलेलं गंध

जेवताना रस्त्यावरून एखादी बस गेली की सेतुराव मामांचा घास हातातच थांबायचा. मान किंचित वाकडी व्हायची, डोळे मिटायचे. बस कोपऱ्यावर वळून आवाज विरला की मग घास तोंडात जायचा आणि तो नीट गिळून झाल्यावर निदान बाहेर पडायचं. "पापनाशमपर्यंत जाईल. परत येणार नाही." ती परत आली का नाही हे बघायला कोणीच जात नसे, त्यामुळे मामांचं निदान कधी चुकलं नाही.

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. बँकेनं साताऱ्याहून उचलून मला थेट तिथं टाकलं होतं. बाजार खुला झाला म्हणतात ना, त्या वर्षांतली ही गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं पिवळं बूथ आलं होतं, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि वीज मात्र पूर्वीइतक्याच इमानानं जात होती.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. ही गोष्ट तर मी घरातही कोणाला सांगितलेली नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, की मामांचं आणि त्यांच्या दोस्ताचं, आरुमुगमचं, भांडण माझ्यामुळे झालं. हे आधी सांगितलं नाही तर मामांच्या गमती सांगता सांगता मी मधूनच निसटेन. मला तशी सवय आहे.

मामा कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, मामांनी जनरेटर घेतला. ट्रंकेएवढा, पेट्रोलवर सुरू होणारा आणि रॉकेलवर चालणारा. अंगानं मामा किडकिडीत, वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, कायम पांढरीशुभ्र, आणि कनवटीला तपकिरीची डबी. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक चिमूट. त्या तपकिरीपायी त्यांच्या नाकाला वासाचं काही कळेनासं झालं होतं. काशीमामींनी फोडणी जाळली तरी मामा तिला "बेष" म्हणत, आणि मामी हा नवऱ्याचा मोठाच गुण समजत.

त्यांची मराठी ऐकायला मला आवडे. आमच्याकडे आजोबांच्याही आजोबांबरोबर गेलेले शब्द तिथं अजून नांदत होते, आणि वाक्य संपताना तमिळ हेल काढून संपत असे. पहिल्या दिवशी मी गावाचं नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले होते. "सातारा? किल्ला अजून अहे नव्हे?" जणू मी निघताना त्यावर नजर टाकून आलो होतो. तेव्हापासून माझं नाव सातारकर पडलं. माझं खरं आडनाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

जनरेटर ते कोणाला देत नसत, त्याच्यासोबत जात. गल्लीत कुणाकडे मुंज असो की लग्न, मामा पोरगी सासरी घातल्यासारखे इंजिनामागोमाग जायचे. त्याला बसायला पाट लागे. मंडपवाल्याच्या मुलानं त्याला पाय लावला तर त्या मुलाला नमस्कार करायला लावत. पंगत बसली तरी मामा आपलं पान इंजिनाशेजारी मांडून घेत. गल्लीतल्या अनेक घरांच्या लग्नाच्या अल्बमात नवरा-नवरी एकमेकांना हार घालताहेत आणि कोपऱ्यात एक म्हातारा पेटीला कान लावून बसलाय, असा फोटो सापडेल. नव्या सुना तो कोण म्हणून विचारतात.

एकदा त्यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. गुरुजी मोपेडवरून आले आणि ती बंद करायच्या आधी मामांनी ऐकली. संकल्प झाला, पवित्रक बोटात चढलं, पण मामांचं चित्त अंगणात. शेवटी राहवेना. तसेच ओल्या पंच्यानं उठले, बोटातला दर्भ सांभाळत मोपेडशी उकिडवे बसले आणि कुठलासा स्क्रू पिळायला लागले. गुरुजी आतून म्हणाले, "राव, पितर खोळंबलेत."

"ते कुठं जाणार अहेत?" मामा म्हणाले. "तुम्हाला अजून तीन घरी जायचं अहे."

आता आरुमुगम. बाजारात त्याचं पंप आणि इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. जाडजूड, मिशाळ, बोलायला सावकाश. रोज चारला दुकान पुतण्यावर सोपवून तो मामांच्या ओट्यावर कॉफीला यायचा. कॉलेजातली नादुरुस्त यंत्रं त्याच्याकडे न्यायच्या दिवसांपासूनची ही दोस्ती. मामांना तो रायर म्हणे, तिकडे रावाचं तसंच होतं. दोघं तमिळमध्ये भांडत. भांडण एकाच विषयावर आणि माझ्या तिथं जाण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासूनचं. इंजिनाचा आवाज झोके घ्यायला लागला, म्हणजे वर-खाली, वर-खाली व्हायला लागला, की दोष कोणाचा? मामांच्या मते गव्हर्नरचा, आरुमुगमच्या मते कार्बोरेटरचा. वैष्णव आणि स्मार्त जेवढ्या निष्ठेनं आपापलं गंध लावतात तेवढ्या निष्ठेनं दोघं आपापला भाग धरून होते.

गव्हर्नर म्हणजे काय हे मामा मला आठवड्यातून एकदा तरी समजावून सांगत. "घरातली बाई कशी? पाहुणे वाढले की कोणी न सांगता तांदूळ जास्त टाकते, पाहुणे गेले की हात आखडते. ओझं वाढलं, इंजिन मंदावलं, की गव्हर्नर तसाच झडप उघडतो. ओझं उतरलं की मिटतो. कोणाला कळतही नाही."

आतून मामी म्हणायच्या, "तुम्हालाही कळालं नाही कधी."

आणि आरुमुगम कॉफीचा फेस फुंकत म्हणायचा, "पण रायर, बाजारातून तांदूळच आला नाही तर बाई काय करील? तांदूळ आणतो कार्बोरेटर."

त्यांच्या भांडणात दुसऱ्याला शिरता येत नसे. मी ऐकायचं काम करायचो. ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं, की झोके घेणाऱ्या इंजिनाचं झडप बोटानं स्थिर धरून बघावं. झोके थांबले तर गव्हर्नर दोषी, नाही थांबले तर कार्बोरेटर. गव्हर्नरचा दांडा सैल झाला तर इंजिन बंद करून झडप पूर्ण उघडेल असा तो सरकवावा, आतला आस त्याच दिशेला अडेपर्यंत फिरवावा आणि मग नट आवळावा. हे मामांनी इतक्यांदा सांगितलं होतं की बँकेत व्हाउचरवर सह्या करताना ते माझ्या डोक्यात आरतीसारखं चालू असे.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी मामांनी जनरेटर आरुमुगमकडे साफसफाईला दिला. तो चकचकीत होऊन आला. मग आली सरस्वतीपूजा. त्या दिवशी तिकडे पुस्तकं आणि हत्यारं-यंत्रं देवापुढं मांडतात, गंध-कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईतो कशालाही हात लावत नाहीत. मामी सुंडल करण्यात गुंतल्या होत्या. तिकडे नवरात्रात हरभऱ्याच्या उसळीशिवाय पाहुणा परत जात नाही. मामा आंघोळीला गेले होते. मामींनी उगाळलेल्या चंदनाची वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यंत्राला तेवढं तुम्ही लावा, सातारकर."

आमच्याकडेही खंडेनवमीला हत्यारं पुजतात, मला काही नवीन नव्हतं. टाकीवर एक टिळा लावला असता तरी चाललं असतं. पण मला वाटलं, मामांचा जीव ज्यात आहे त्याला काहीच नको का? म्हणून मी वाकून एअर क्लीनरच्या खालचा गव्हर्नरचा दांडा शोधला, त्याच्या खुंट्याला, स्प्रिंगच्या टोकाला, तारेच्या भोकाला, जिथं म्हणून काही हलताना दिसलं तिथं तिथं भरघोस गंध लावलं. उरलेलं पुसून घेतलं तेही त्यालाच. एवढ्या भक्तीनं मी आयुष्यात कशाची पूजा केली नसेल.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. गल्लीच्या टोकाच्या मठात कीर्तन होतं. कुंभकोणमहून भागवतर, म्हणजे तिकडचे कीर्तनकार, आले होते. गल्लीतली सगळी मराठी घरं जमली होती, आणि नेहमीप्रमाणे आरुमुगमही. त्याला मराठी कळत नसे, पण कीर्तनानंतरचं सुंडल कुठल्याही भाषेत चांगलं लागतं, असं तो म्हणे.

दिवेलागणीला वीज गेली. मामा हसत उठले, बाहेर आणून ठेवलेल्या जनरेटरची त्यांनी दोरी ओढली. दिवे लागले. आणि मग मंदावले. मग भगभगले. मग पुन्हा मंदावले. डोक्यावरचे पंखे धावायचे, दमायचे, पुन्हा धावायचे. लाउडस्पीकर घोरल्यासारखा वर-खाली घुमायला लागला. भागवतर युद्धाच्या वर्णनात होते. त्यांना आधी ही योजनाच वाटली. उजेड वाढला की ते बाण सोडत, कमी झाला की राक्षस पाडत. थोड्या वेळानं राक्षस संपले पण उजेड काही ऐकेना.

तेवढ्यात मठभर चंदनाचा घमघमाट सुटला. इंजिन तापलं होतं. बायका म्हणाल्या, काय प्रसन्न वाटतंय आज. एका म्हातारबुवांनी डोळे मिटून हात जोडले. वास कुठून येतोय हे त्या गर्दीत मला एकट्याला कळलं, आणि ज्यांना कळायला हवा होता त्यांच्या नाकात तपकीर होती.

आरुमुगम विजेरी घेऊन बाहेर गेला. मीही गेलो. मामा चष्मा न लावताच इंजिनाशी वाकले होते. आरुमुगम म्हणाला, "कार्बोरेटर." मामांनी बोट घालून झडप धरलं. आतले दिवे एकदम स्थिर झाले. मठातून सुटकेचा हुंकार आला. इतक्या वर्षांच्या वादाचा निकाल भरल्या मठासमोर लागला होता, आणि तो मामांच्या बाजूनं लागला होता. इथं मामांनी नुसतं हसून गप्प बसायला हवं होतं. दारात माणसं जमली होती. मामांनी मान वर केली, बोट तसंच झडपावर ठेवून, आणि सगळ्यांना कळावं म्हणून तमिळमध्ये म्हणाले, "ज्याला गव्हर्नर कळत नाही त्याच्या हातात मी इंजिन दिलं. त्यानं बिघडवून दिलं. चूक माझीच आहे."

आरुमुगमची विजेरी अजून इंजिनावर होती. तो क्षणभर तिच्या उजेडात बघत राहिला. मग त्यानं ती विझवली, खिशात घातली आणि सुंडल न घेता निघून गेला.

मी काही बोललो नाही. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण दारात एवढी माणसं, मी परका, आणि मामा विजयी. मी म्हटलं, उद्या सांगू. कीर्तन संपेपर्यंत मामा झडप बोटानं धरून बसले होते. आत एखादा दिवा कमी-जास्त झाला की बोटानं सांभाळून घेत होते. त्यांना त्यात आनंद होत होता असं मला वाटतं.

'उद्या' उजाडला आणि मी त्याहून वाईट काम केलं. मामा उठायच्या आत खाली गेलो, जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन, रात्रीच मठातून घरी आलेल्या इंजिनावरचं सगळं गंध घासून काढलं. खुंट्यात ते सिमेंटसारखं बसलं होतं. दांडा काढावाच लागला. काढला तो मग बसवता येईना. शेवटी मामांचं प्रवचन मनाशी म्हणत म्हणत झडप उघडेल असा दांडा सरकवला, आस अडेपर्यंत फिरवला, नट आवळला. बोट लावून पाहिलं, दांडा लोण्यात फिरल्यासारखा जाऊन परत येत होता. मामांनी आयुष्यभर एवढी माणसं शिकवली, त्यांतला एक तरी पास झाला होता, आणि हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

चहाकॉफी झाल्यावर मामांनी सगळं तयार मांडून इंजिन सुरू केलं. ते गायीसारखं शांत चाललं. मामा बराच वेळ ऐकत बसले. दांडा हलवून पाहिला. नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते, म्हणजे माझे. मामांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला.

"सातारकर," ते म्हणाले, "पाहिलात? अंधारात येऊन नीट करून गेला. तोंडावर कबूल करायला नको, म्हणून चोरासारखा आला."

मी हात पाठीमागं घेतले. आदल्या दिवशी आरुमुगम नुसता अडाणी ठरला होता, मी पुरावा घासून काढल्यावर तो खोटारडाही ठरला.

त्यानंतर चारची कॉफी एकट्याची झाली. मामी सवयीनं कॉफीचे दोन डबरे, म्हणजे तिकडच्या पितळी वाट्या, भरायच्या. मामा दोन्ही प्यायचे आणि डॉक्टरनं सांगितलंय म्हणायचे. कुठल्या डॉक्टरनं, ते मामींनी विचारलं नाही. साधं वायसर लागलं तरी मामा बस पकडून कुंभकोणमला जायला लागले, आणि तिथल्या दुकानदाराला गव्हर्नर समजावून सांगायला लागले. तो "होय सार, होय सार" म्हणायचा. मामा घरी येऊन चिडायचे. "सगळ्याला होय म्हणतो. अशा माणसाशी काय बोलायचं?" पोंगल गेला, उन्हाळा आला. लग्नांचे निरोप यायला लागले तसे मामा कंबर दुखते सांगून नाकारायला लागले. इंजिनावर गोणपाट पडलं. बस गेली तरी घास थांबेना. मामी एकदा जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "हे असेच बसले तर मला विधवा करून टाकतील हो." त्या हसत म्हणाल्या, पण पदर डोळ्याला लावून गेल्या. मी वर जाऊन दार लावून घेतलं.

माझी बदलीची ऑर्डर आली तेव्हा कुठं मला धीर झाला. निघायच्या आदल्या दिवशी मी आरुमुगमच्या दुकानात गेलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. गंध, टूथब्रश, ओरखडे. तो एक गॅस्केट कापत होता, ते कापून होईपर्यंत थांबला नाही.

"गंध मी त्याच वेळी पाहिलं, सार," तो म्हणाला. "विजेरीत चमकत होतं. सांगायला तोंड उघडणार तोवर रायर ते बोलले. मग कशाला सांगू?"

मी म्हटलं, आता मी जाऊन सांगतो. मामांना कळेल की तुझी चूक नव्हती.

त्यानं कात्री खाली ठेवली. "आणि मग? मठातल्या लोकांसमोर काही चूक नसताना मला घालून पाडून बोलले, हे त्यांना कळेल. त्या माणसाला माफी मागता येत नाही, सार. आयुष्यात मागितली नाही. मग ते मला बघून रस्ता बदलतील. आत्ता निदान रागावलेत. लाजले तर गेलेच."

पुन्हा कात्री उचलत तो म्हणाला, "तुम्ही काही बोलू नका. मी बघतो."

मला सुटल्यासारखं झालं. इतक्या पटकन मी त्याचं ऐकलं, याची लाज मला नंतर वाटत राहिली, आजही वाटते. मामा आता नाहीत, आरुमुगमही नाही. गंध कोणी लावलं होतं ते मामांना कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास माझं सामान ओट्यावर आलं होतं, ऑटो दारात उभी होती. आणि गल्लीतून आरुमुगम आला. तो ओट्याच्या नेहमीच्या जागी बसला नाही. पायरीखालीच उभा राहिला.

"रायर, गव्हर्नरच होता," तो म्हणाला. "स्प्रिंग मी चुकीच्या भोकात अडकवली होती. कार्बोरेटर, कार्बोरेटर म्हणत राहिलो इतकी वर्षं. तुमचं खरं होतं."

मामांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली, ओढायची विसरून तशीच धरून बसले. मग आत वळून म्हणाले, "कॉफी." आतून दोन डबरे आले. आधीच भरून ठेवले असावेत.

आरुमुगम वर येऊन बसला. दोघं प्यायले. एकमेकांकडे न बघता प्यायले. डबरा अर्धा झाल्यावर मामा खाकरले.

"पण आरुमुगम, अगदीच तसं नाही हं. नुसत्या स्प्रिंगनं एवढे झोके यायचे नाहीत. त्या दिवशी रॉकेलही जरा पातळ होतं. कार्बोरेटरचाही थोडा भाग असणार."

"नाही, रायर. गव्हर्नरच."

"अरे, मी सांगतो ना, कार्बोरेटर."

"माझ्या हातानं अडकवलेली स्प्रिंग मला माहीत नाही?"

"तुला काय माहीत अहे? दुकानात बसून गॅस्केट कापतोस."

मामा उठले, तरातरा कोपऱ्यात गेले आणि त्यांनी गोणपाट ओढून काढलं. आरुमुगम डबरा हातात घेऊनच मागं गेला. ऑटोवाला हॉर्न देत होता. मी जवळ जाऊन मामांच्या पाया पडलो. खाली वाकलेलो असताना मला वाटलं, आत्ता सांगावं, आत्ताच. मामांनी न बघता माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नीट जा, सातारकर," ते म्हणाले, आणि तो हात तिथंच राहू देऊन दुसऱ्या हातानं आरुमुगमला कार्बोरेटरचा एक स्क्रू दाखवत, मधेच तोडलेलं वाक्य पुढं चालू केलं. मी तसाच वाकून राहिलो, त्यांचं वाक्य संपेपर्यंत.

ऑटो कोपऱ्यावर वळताना मी मागं पाहिलं. मामी पायरीवर उभ्या राहून हात हलवत होत्या. ते दोघं इंजिनावर वाकले होते, डोक्याला डोकं लागेल इतके, आणि आरुमुगम मान हलवत पुन्हा पुन्हा गव्हर्नरकडे बोट करत होता.